तांबडा दिवा

कळवणास आगगाडी नाही. गिरणेच्या खोऱ्यातील या गावी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आहे, एस. टी.चे स्थानक आहे, चैत्रात व आश्विनात सप्तशृंगीच्या गडाकडे जाणाऱ्यांची वर्दळ आहे. परंतु रूळ दृष्टीस पाडावयाचा तर देवळा व चांदवड मागे टाकून मनमाड गाठावे लागते. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या मार्गास मंजुरी दिली, तेव्हा मी मोठ्या उत्कंठेने नकाशा उलगडून बसलो, आणि तो मार्ग मालेगाव-धुळ्याच्या अंगाने जातो असे पाहून नकाशा पुन्हा घडी घालून ठेविला. अशा गावात जन्म काढलेल्या मनुष्यास आगगाडीचे वेड असावे यात नवल काहीच नाही. समुद्राचे वेड देशावरच्या माणसासच लागते. कोळ्यास ते परवडत नाही.

हे वेड मी संगणकावर भागवितो. आगगाडी हाकण्याचा हुबेहूब आभास निर्माण करणारे जे कार्यक्रम असतात, त्यांस ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. २००१ साली मायक्रोसॉफ्टने असा एक कार्यक्रम बाजारात आणिला. त्यापुढे अनेक निघाले, आणि ओपन रेल्ससारखे काही तर हौशी मंडळींनी आपला फावला वेळ खर्चून तयार केले व जगास फुकट वाटले. माझ्यापाशी यांपैकी कोणता आहे हे सांगण्याचे कारण नाही. त्यात मनमाड ते इगतपुरी हा सव्वाशे किलोमीटरांचा टापू कुणा अनामिक रसिकाने स्टेशनागणिक आखून ठेविला आहे, एवढे वाचकांच्या ध्यानी असले म्हणजे पुरे. लासलगाव, उगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा ही नावे पडद्यावर एकामागून एक सरकू लागली की मला जे सुख होते, ते काश्मीरच्या सहलीत कितपत झाले असते याची शंकाच आहे.

प्रौढ माणसांनी असल्या खेळात रमावे काय, असा प्रश्न आमच्या घरातही निघतो. त्यावर माझ्यापाशी दोन दाखले तयार असतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी खेळण्यातील आगगाड्यांचे एक मंडळ काढले. त्यातील काहींना डबे रंगविण्याची हौस होती. काही मात्र टेबलाखाली शिरून सिग्नलांच्या तारांचे जंजाळ सोडवीत बसत, आणि त्यांची ‘सिग्नल व वीजपुरवठा’ या नावाची निराळी उपसमितीच होती. याच टेबलाखालच्या मुलांतून पुढे संगणकाचे पहिले नामांकित कारागीर निघाले. दुसरा दाखला घरचा आहे. पुण्यास कोथरुडात जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली उघडले. तेथे गाड्या आपापल्या सिग्नलाकडे पाहून थांबतात व निघतात, आणि नातवाचे निमित्त करून आलेले आजोबाच काचेला नाक लावून उभे असतात.

तथापि या खेळाचे खरे मर्म आपली गाडी हाकण्यात नाही, हे मला दोन-तीन वर्षांनी उमगले. रुळावर आपण एकटेच असतो तर इंजीन हाकणे आणि बैलगाडी हाकणे यांत फारसे अंतर राहिले नसते. मौज आहे ती इतर गाड्यांची. त्या गाड्यांवर माणूस नसतो. कार्यक्रमाने नेमलेले स्वयंचलित ड्रायव्हर असतात. या ड्रायव्हरांस डोळे नाहीत. खिडकीबाहेर निफाडचा साखर कारखाना आहे की नुसता माळ आहे, याची त्यांस दाद नाही. प्रत्येकाजवळ तीनच वस्तू असतात: आखून दिलेली वाट, वेळापत्रक, आणि पुढील सिग्नलाचा रंग. एवढ्या शिदोरीवर ते रात्रंदिवस गाड्या चालवितात, कंटाळत नाहीत, चहास उतरत नाहीत, आणि सिग्नल तांबडा असला म्हणजे थांबतात. किती वेळ थांबतात? तो हिरवा होईतो. आणि तो हिरवा झालाच नाही तर?

गेल्या पावसाळ्यात नेमके हेच घडले. लासलगावच्या स्टार्टरपाशी, म्हणजे स्टेशन सोडताना जो सिग्नल लागतो त्यापाशी, एक मालगाडी उभी राहिली ती राहिलीच. पडद्यावरील घड्याळात सकाळचे सात वाजले होते. मी जेवून येईतो तेथे अकरा झाले, तरी गाडी जागची हालली नाही. तिचा ड्रायव्हर, त्यास ड्रायव्हर म्हणावयाचे असल्यास, अत्यंत शांत होता. मला मात्र त्याच्या शांतपणाचाच राग येऊ लागला.

माझा पुतण्या त्या दिवसांत आमच्याकडेच अभ्यासास येत असे. रेल्वेत सहायक लोको पायलटाच्या जागा निघाल्या होत्या आणि त्याने अर्ज भरला होता. त्याची आई, आमच्या वहिनी, या गोष्टीवर मुळीच राजी नव्हत्या. मुलाने बँकेत चिकटावे अशी त्यांची इच्छा. आणि हे आगगाडीचे खूळ त्याच्या डोक्यात माझ्या संगणकाने भरविले असा त्यांचा माझ्यावर स्पष्ट आरोप होता, ज्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुतण्याने लासलगावची ती मालगाडी पाहिली आणि तरुणांच्या ठायी असणाऱ्या तडफेने निकाल दिला, “काका, हा सिग्नलच काढून टाकू या. एक ओळ पुसली की झालं.”

आमच्या गल्लीत एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर राहतात. सारी गल्ली त्यांस अण्णा म्हणते. वाफेच्या इंजिनात कोळसा लोटण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि विजेच्या इंजिनावर निवृत्ती घेतली; मनमाड-इगतपुरीचा रस्ता त्यांस तळहातासारखा ठाऊक. माझ्या खेळाकडे ते फारसे फिरकत नसत. ज्याने तीस-पस्तीस वर्षे खरी गाडी हाकली त्यास चित्रातल्या गाडीचे काय अप्रूप! त्या दिवशी मात्र ते वर्तमानपत्र परत करावयास आले होते, आणि पुतण्याचे ते शब्द त्यांच्या कानी पडले. ते उंबऱ्यातच थांबले.

“काढा की,” ते म्हणाले. “आणि मग त्या ड्रायव्हरला सांगा, पुढं काही नाही म्हणून. सांगाल?”

पुतण्या वरमला. अण्णा आत येऊन खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि पडद्याकडे न बघता मला म्हणाले, “मास्तर, गाडी का उभी आहे हे त्या गाडीला विचारून कळत नसतं. तिच्यापुढं कोण उभं आहे ते बघा.”

आम्ही पुढे पाहू लागलो. अशा कार्यक्रमांत सर्व मार्गाचा एक आराखडा उघडता येतो. कोणता रूळ कोणत्या गाडीसाठी राखला आहे हे त्यात रेघांनी दाखविलेले असते. लासलगावच्या मालगाडीपुढे उगावास एक पॅसेंजर खोळंबली होती. पॅसेंजरच्या पुढे, निफाडच्या होम सिग्नलाबाहेर, एक एक्सप्रेस तिष्ठत होती. आणि निफाडात, बाजूच्या लूपमध्ये, रिकाम्या वाघिणींची एक मालगाडी होती, तिच्यापुढे इगतपुरीपर्यंत सारा मार्ग मोकळा! तिचा ड्रायव्हर का निघत नव्हता? तर वेळापत्रकात त्यास आज्ञा होती, की मागील एक्सप्रेस पुढे निघून गेल्यावाचून हालू नये. आणि एक्सप्रेस का येत नव्हती? तर हा मार्ग ज्याने आखला त्याने तिची वाट मेन लाइनीऐवजी त्याच लूपमधून काढिली होती, जेथे मालगाडी ठाण मांडून होती. लखनौच्या दोन नबाबांची ‘पहिले आप, पहिले आप’ ही गोष्ट आपण ऐकतो व हसतो. येथे ते दोघे नबाब निफाडास भेटले होते, आणि त्यांच्या आदबशीर वर्तनापायी लासलगावपर्यंतचा मार्ग तुंबला होता. हे निफाड अर्थातच पडद्यावरचे. खऱ्या निफाडच्या स्टेशनमास्तरांनी राग मानू नये.

एक्सप्रेसची वाट मेन लाइनीवरून आखण्यास पुतण्यास दहा मिनिटे लागली. ती धडधडत निफाडातून गेली, मागोमाग मालगाडीचा सिग्नल उतरला, आणि थोड्याच वेळात लासलगावच्या त्या शांत ड्रायव्हराने ब्रेक सोडले. त्याने ना सुटकेचा निश्वास टाकला, ना कोणास दूषण दिले. मला त्याच्याविषयी प्रथमच आदर वाटला.

अण्णांस मात्र या विजयाचे कौतुक नव्हते. त्यांस पुतण्याच्या त्या एका वाक्याने डिवचले होते, आणि ते समजावून सांगितल्यावाचून उठावयास तयार नव्हते. त्यांचे सांगणे असे, की तांबडा दिवा म्हणजे पुढे गाडी आहे असा अर्थ नव्हे. पुढे धोका नाही अशी खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या हाताच्या सिग्नलाची तार तुटली तर वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा होई आणि गाड्या थांबत. आजच्या मार्गावर रुळांतूनच एक मंद वीजप्रवाह खेळविलेला असतो. गाडीची चाके रुळावर आली की तो प्रवाह चाकांतून आडवा निघून जातो, पलीकडचा रिले पडतो, आणि सिग्नल तांबडा होतो. ही युक्ती विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकनाची. तिचे पेटंट १८७२ सालचे. तिची खुबी अशी, की रूळ तुटला, तार निसटली, वीज गेली, तरीदेखील परिणाम तोच; दिवा तांबडाच. यंत्राची विद्या जेथे संपते तेथे ते ‘थांबा’ म्हणते. मनुष्यमात्राला हे साधत नाही. आपणांस ठाऊक नसले की आपण सहसा ‘होय, होय’ म्हणून वेळ मारून नेतो.

“पण म्हणून जन्मभर थांबायचं का, अण्णा?” पुतण्याने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्यावरचे उत्तरही रेल्वेने कधीच लिहून ठेविले आहे. जेथे सिग्नल गाड्यांच्या येण्याजाण्याने आपोआप बदलतात, तेथे तांबड्या दिव्यापाशी ड्रायव्हराने दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे थांबावे. मग पुढे जावे, परंतु असे जपून, की रुळावर काही आढळले तर त्याच्या अलीकडे गाडी उभी करता यावी. स्टेशनाच्या सिग्नलास मात्र ही सवलत नाही. तेथे लेखी परवाना हाती पडल्यावाचून चाक फिरवावयाचे नाही. माझ्या कार्यक्रमातही मनुष्यचालकास अशी परवानगी मागण्याकरिता एक कळ आहे. स्वयंचलित ड्रायव्हरास ती ठेविलेली नाही, कारण परवाना मिळाल्यानंतर जी नजर लागते ती त्याच्यापाशी नाही. अण्णांस ही तजवीज फार पसंत पडली. “ज्याला दिसत नाही त्याला मागायची सोय नको,” असे म्हणून ते घरी गेले.

येथवर जे झाले ते गमतीचे होते. आठ-दहा दिवसांनी जे झाले ते तसे नव्हते.

ओढ्याच्या स्टेशनापाशी मेन लाइनीचा सिग्नल स्वच्छ हिरवा होता. मुंबईकडे जाणारी एक एक्सप्रेस ताशी शंभर किलोमीटरांच्या वेगाने आली. सांधा मात्र लूपकडे वळलेला होता. स्वयंचलित ड्रायव्हराने हिरवा रंग पाहिला व वेग तसूभरही कमी केला नाही. तो का करील? गाडी सांध्यावर वळली आणि पडद्यावर एक ओळ उमटली: गाडी रुळावरून घसरली. कार्यक्रमाने एवढ्याने समारोप केला, आणि पुन्हा प्रथमपासून आरंभ करावयाचा आहे काय अशी विनयपूर्वक पृच्छा केली.

त्या वेळी अण्णा शेजारी बसले होते. निफाडच्या प्रकरणापासून ते संध्याकाळी येऊन बसू लागले होते. ते काही बोलले नाहीत. पुतण्याने कळ दाबण्याकरिता हात पुढे केला होता, तो त्याने मागे घेतला. आम्हां तिघांच्या मनात एकच नाव आले असावे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्टेशनात चेन्नईकडे जाणाऱ्या कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनीचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा लूपकडे होता, आणि लूपमध्ये लोखंडाच्या खनिजाने भरलेली मालगाडी होती. हावड्याकडे जाणारी दुसरी एक्सप्रेसही त्या अनर्थात सापडली. दोनशे नव्वदांहून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलाच्या तारांच्या जोडणीत: पूर्वी केलेल्या एका फेरफारात, आणि फाटकाच्या कामासाठी त्या दिवशी केलेल्या जोडणीत. वहिनींनी त्या रात्री दूरचित्रवाणीवर जी दृश्ये पाहिली ती त्या विसरल्या नव्हत्या. मुलाच्या अर्जास त्यांचा विरोध होता तो बँकेच्या प्रेमापोटी नव्हता, हे मला तेथे बसल्या बसल्या उमगले.

“अशा वेळी ड्रायव्हरनं काय करायचं, अण्णा?” पुतण्याने हलक्या आवाजात विचारले.

अण्णा बराच वेळ पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहत होते. “काही नाही,” ते म्हणाले. “हिरवा म्हणजे जायचं. दर हिरव्याला शंका घेत बसलास तर एक गाडी वेळेवर पोचायची नाही, आणि मागचा येऊन तुझ्यावर आदळेल तो निराळाच. ड्रायव्हर काही करू शकत नाही. जे करायचं ते त्याच्या आधी कुणीतरी केलेलं असावं लागतं.”

ओढ्याचा दोष शोधण्यास दोन संध्याकाळी लागल्या. सिग्नल रोवलेला होता सांध्याच्या अलीकडे. परंतु कार्यक्रमाच्या नोंदीत त्याचा पत्ता सांध्याच्या पलीकडील सरळ रुळाचा होता. तो आपल्या परीने खरेच बोलत होता. पुढचा सरळ रूळ मोकळा आहे, एवढे तो सांगे. त्या रुळावर गाडी जाणार आहे की नाही हे त्यास कोणी विचारलेच नव्हते. आखणाऱ्याचा हात एका बोटाने घसरला असेल. दिसण्यात सर्व काही यथास्थित होते. रंग सुरेख, खांब सरळ, पाटीवर क्रमांकही बरोबर. लासलगावचा सिग्नल चार तास अडून बसला म्हणून आम्ही त्यास दोष देत होतो, आणि हा ओढ्याचा किती महिने हसतमुखाने उभा होता कोण जाणे. अडणाऱ्याची तक्रार सर्व जण करतात. न अडणाऱ्याची चौकशी कोण करतो?

अण्णांनी मग जो हट्ट धरला त्याचे वर्णन करणे मला कठीण आहे. मनमाडपासून इगतपुरीपर्यंतचा एकूण एक सिग्नल तपासावयाचा, असे त्यांनी ठरविले. मी म्हटले, हा खेळ आहे. ते म्हणाले, “पोरगा खेळायला चाललाय का?” माझा युक्तिवाद तेथेच संपला. त्यांनी घरून एक लांबट हिशेबाची वही आणिली व तीत रकाने आखिले: सिग्नल कोणता, वाट कोणती, कोणता सांधा कोणीकडे असावा, कोणता रूळ मोकळा असावा, आणि इतके सर्व जुळल्यास रंग कोणता. खऱ्या स्टेशनासाठीही असाच तक्ता असतो व त्याबरहुकूम प्रत्येक जोडणी तपासूनच मार्ग वाहतुकीस खुला करितात. पुतण्याने एकेक सांधा मुद्दाम उलटा करावा, मी रंग वाचावा, अण्णांनी खूण करावी, असा क्रम सुरू झाला. सांधा चुकीचा असताना सिग्नल तांबडा राहिला तर बरोबर. हिरवा झाला तर वहीत फुली. दीडशेहून अधिक सिग्नलांत चार फुल्या पडल्या.

हे काम दिवाळीपर्यंत चालले. आरंभी वहिनी चहा देऊन निमूटपणे आत जात. पुढे एके दिवशी त्या दारातच उभ्या राहून पाहू लागल्या. मग त्यांनी अण्णांस विचारले, “खऱ्या रेल्वेतसुद्धा असं एकेक बघतात का हो?” “बघायलाच पाहिजे, वहिनी,” अण्णा म्हणाले. हे उत्तर ‘होय’ असे नव्हते, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. परंतु खोटा धीर त्यांस कोणी दिला असता तर तो त्यांनी ओळखला असता. त्या दिवसानंतर अर्जाविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

अलीकडे ‘कवच’ या यंत्रणेची पुष्कळ चर्चा ऐकू येते. ड्रायव्हराने तांबड्या सिग्नलाकडे दुर्लक्ष केले तर ही यंत्रणा आपण होऊन ब्रेक लाविते. प्रवासी गाड्यांवर तिच्या पहिल्या चाचण्या २०१६ साली झाल्या, आणि दक्षिण मध्य रेल्वेने जे मार्ग प्रथम सज्ज केले त्यांत मनमाडहून मुदखेडकडे जाणारा मार्गही आहे. म्हणजे ती आमच्या उंबरठ्यापर्यंत आलीच. पुतण्या तिच्याविषयी फार उत्साहाने बोलतो. अण्णाही तिला नावे ठेवीत नाहीत. धुक्याच्या रात्री इंजिनाच्या खिडकीतून मान बाहेर काढून सिग्नल हुडकताना अशी सोबत मिळाली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो, असे ते म्हणतात. फक्त ते एवढे विचारतात, की कवचास रंग कोण सांगतो? तो सिग्नलाकडूनच येतो ना? मग वहीचे काम काही संपले नाही. माझे मत विचाराल तर इंजिनावर डोळे असलेला मनुष्य हवा, त्याच्या चुकीवर पहारा करणारे यंत्र हवे, आणि या दोहोंच्या आधी, कोणाच्या दृष्टीस न पडता, रकाने भरणारा कोणी तरी हवाच. तिघांपैकी एकास रजा देऊन पैसे वाचविण्याची कल्पना ज्यांस सुचते, त्यांनी माझ्याकडे येऊन ओढ्याचा तो जुना सिग्नल एकदा पाहून जावा. तो मी मुद्दाम निराळा जपून ठेविला आहे.

पुतण्याची पहिली परीक्षा झाली आहे. पुढची संगणकावरच व्हावयाची आहे, नजर व अवधान तपासणारी. तो रोज पहाटे उठतो. आमच्या टापूत आता गाड्या सुरळीत धावतात. फक्त पाडळीच्या एका सिग्नलाचे अद्याप निदान झालेले नाही. रात्रीच्या वेळापत्रकात तो बिनतक्रार चालतो; दिवसा मात्र दुपारच्या पॅसेंजरला कारणावाचून वीस-पंचवीस मिनिटे तांबडा दाखवितो आणि मग हिरवा होतो. आम्ही वाटा पाहिल्या, सांधे पाहिले, नोंदी पाहिल्या. पुतण्याने काल विचारले, की याचे आता काय करावयाचे. अण्णांनी वहीत त्याच्यापुढे फुली न मारता नुसता एक ठिपका दिला, आणि पॅसेंजरच्या वेळापत्रकात पाडळीचा मुक्काम पंचवीस मिनिटांनी वाढवून घेतला.